सावित्रीच्या काठाने

रायगड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्याच्या दक्षिण सीमेकडे पाहा. पूर्वेच्या डोंगरांतून निघून पश्चिमेच्या समुद्राला मिळणारी एक निळी रेघ तेथे दिसेल. ती सावित्री नदी होय. महाबळेश्वरच्या पठारावर तिचा उगम आहे. पोलादपूर आणि महाड ही तालुक्याची गावे तिच्या काठी वसली आहेत. आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मध्ये ती अरबी समुद्राला मिळते. उगमापासून मुखापर्यंत तिची लांबी सुमारे शंभर किलोमीटर भरेल. भारतातील मोठ्या नद्यांमध्ये तिची गणना कोणी करणार नाही. तथापि या आखूड वाटेवर दोन थोर किल्ले आहेत, प्राचीन लेणी आहेत, देशभर गाजलेले एक तळे आहे, जुनी बंदरे आहेत आणि शेवटी फेसाळणारा समुद्र आहे. मनुष्याने डोळे उघडे ठेवून हा प्रवास केला, तर दोन हजार वर्षांचा इतिहास त्याच्या समोर उलगडत जातो.

परंतु पुष्कळ ठिकाणे पाहून येणे म्हणजे प्रवास नव्हे. एखादा किल्ला चढून जावा, वाऱ्यावर थोडे बसावे, शिदोरी सोडावी आणि उतरून यावे, एवढ्याने तो किल्ला पाहिला असे होत नाही. पाहणाराने मनात एक प्रश्न घेऊन निघावे. तो प्रश्न साधा आहे : हे येथेच का? किल्ला याच डोंगरावर का बांधला? लेणी याच टेकडीत का कोरली? बंदर येथेच का भरभराटले आणि पुढे का ओस पडले? सावित्रीच्या काठाने जाताना हाच प्रश्न आपण ठिकठिकाणी विचारीत जाऊ.

क्षेत्र महाबळेश्वर येथे पंचगंगेचे प्राचीन मंदिर आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम तेथे मानले जातात, आणि त्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. एका घरात वाढलेल्या बहिणींनी निरनिराळ्या दिशांना जावे, तसेच या नद्यांचे झाले आहे. कृष्णा पूर्वेकडे वळली. सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन ती बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्रीने पश्चिमेची वाट धरली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंच आहे. एवढी उंची सावित्री पहिल्या काही किलोमीटरांतच उतरून येते. कृष्णेला शेते भिजवीत संथपणे जाण्यास सवड मिळाली. सावित्रीला मात्र कड्यावरून उडी घेऊनच कोकणात यावे लागले. पावसाळ्यात हिचे पाणी इतके अवखळ का होते, याचे कारण तिच्या या उतारातच आहे. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील मोठा वाटा या दरीतून धावत खाली येतो.

महाबळेश्वरच्या ‘ऑर्थर सीट’ नावाच्या कड्यावर उभे राहिले, म्हणजे सावित्रीचे खोल खोरे पायांशी पसरलेले दिसते. ऑर्थर मॅलेट हा इंग्रज अधिकारी या ठिकाणी बसून नदीकडे पाहत राही असे सांगतात. बाणकोटच्या खाडीत होडी बुडून त्याची पत्नी व कन्या यांना जलसमाधी मिळाली होती. ज्या पाण्याने आपली माणसे नेली, ते पाणी उगमापाशी कसे दिसते, हे त्या दुःखी पुरुषाला पाहावयाचे असेल काय? ही कथा ऐकली, म्हणजे कड्यावरची ही बारीक धार आणि दूरवरचा तो समुद्र ही एकाच नदीची दोन टोके आहेत, हे मनावर ठसते.

आता आपण घाट उतरू. महाबळेश्वरहून पोलादपूरला येणारा आंबेनळी घाट सुमारे चाळीस किलोमीटरांच्या वाटेवर आहे. आज या रस्त्याने मोटारी धावतात. पूर्वी या भागात पार घाटाची वाट होती आणि तिच्यावरून बैलांचे तांडे जात. कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढत. देशावरून धान्य आणि गूळ खाली उतरे. सह्याद्रीची भिंत एवढी उंच आणि सलग आहे, की ती ओलांडावयाच्या वाटा मोजक्याच असत. घाट ज्याच्या ताब्यात, व्यापार आणि सैन्याची ये-जा त्याच्या मुठीत, असा त्या काळचा न्याय होता.

आता प्रतापगडाकडे पाहा, म्हणजे ‘हे येथेच का’ या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल. जावळीचे खोरे १६५६ साली शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. घाटाच्या माथ्यावर नजर ठेवणारा हा डोंगर महाराजांनी हेरला आणि मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली त्यावर किल्ला बांधविला. पुढे विजापूरचा सरदार अफझलखान मोठे सैन्य घेऊन चालून आला. त्याचे बळ घोडदळात आणि तोफांत होते. उघड्या मैदानात त्याला तोंड देणे कठीण होते. महाराजांनी त्याला जावळीच्या दाट रानात आणि अरुंद दरीत यावयास लावले. तेथे घोड्यांना धावावयास जागा नव्हती आणि तोफा ओढावयास वाट नव्हती. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी भेट झाली. तीत खान मारला गेला आणि रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी त्याच्या सैन्याचा मोड केला. या विजयात शौर्य होतेच. परंतु भूगोलाची अचूक जाणही होती. डोंगर, झाडी आणि वाटा यांनाही महाराजांनी आपल्या सैन्यात सामील करून घेतले होते, असे म्हटले तरी चालेल. गडावर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याचे अनावरण पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी झाले.

घाट संपतो तेथे पोलादपूर लागते. देशावरून येणारी वाट आणि मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग यांची गाठ या गावात पडते. प्रवासी येथे चहा घेतात, गाडी बदलतात आणि पुढे निघून जातात. परंतु याच गावात एका कवीची समाधी आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असते? कवींद्र परमानंद हे त्या कवीचे नाव. शिवाजी महाराजांच्या काळातच, त्यांच्या चरित्रावर, परमानंदांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचले. तलवारीने घडलेला इतिहास लेखणीने जपला नाही, तर तो दोन-तीन पिढ्यांत पुसट होतो. म्हणून किल्ल्याइतकीच ही लहानशी समाधीही थांबून पाहण्यासारखी आहे.

पोलादपूर तालुक्याच्या डोंगराळ भागात उमरठ हे गाव आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा किल्ला सर करताना तानाजींना वीरमरण आले. पुत्र रायबाच्या लग्नाची तयारी बाजूला ठेवून ते मोहिमेवर गेले, अशी परंपरागत कथा आहे. त्यांचा देह ज्या घाटाने उमरठला आणला, त्याला लोक मढे घाट म्हणू लागले, असेही सांगतात. उमरठला तानाजींचे स्मारक आहे, आणि त्यांच्याबरोबर लढलेल्या वृद्ध शेलारमामांची आठवणही तेथे जपलेली आहे. येथे मोठे तट नाहीत की बुरूज नाहीत. भाताची खाचरे, नाचणीचे वरकस, कौलारू घरे आणि सभोवार डोंगर, एवढेच दृश्य. परंतु स्वराज्यासाठी लढणारी माणसे अशाच लहान गावांतून, नांगर ठेवून आलेली होती. किल्ले पाहिल्यावर असे एखादे गावही पाहावे. किल्ल्यांमागचे मनुष्यबळ कोठून आले, ते तेथे कळते.

पोलादपूरहून सुमारे वीस किलोमीटरांवर महाड लागते. येथे गांधारी नदी सावित्रीला मिळते. संगमाजवळच्या टेकडीत गांधारपाले येथील लेणी आहेत. लहानमोठी मिळून ती सुमारे तीस भरतात. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत बौद्ध भिक्षूंसाठी ती कोरली गेली. काणभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या दानाचा उल्लेख तेथील एका शिलालेखात आहे. आता आपला प्रश्न पुन्हा विचारू : लेणी येथेच का? त्या काळी कोकणातील बंदरांचा व्यापार तांबड्या समुद्राच्या मार्गे मिसर देशापर्यंत आणि तेथून रोमपर्यंत चाले. खाडीने आलेला माल महाडच्या परिसरातून घाटाकडे जाई. या वाटेवरून राजपुरुष जात, व्यापारी जात, तसे भिक्षूही जात. व्यापारी दान देत आणि भिक्षू त्यांना उपदेश करीत. शिवाय पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एकाच ठिकाणी राहावे, असा त्यांचा नियम होता. कोकणच्या पावसात चार महिने काढावयाचे, तर दगडात कोरलेल्या खोलीसारखा दुसरा निवारा कोणता? लेण्यांच्या व्हरांड्यात उभे राहून खाली पाहिले, की नदी, शेते आणि रस्ता एका नजरेत दिसतो. तोच डोंगर, तीच नदी आणि बऱ्याच अंशी तीच वाट आजही आहे. फक्त बैलांच्या तांड्यांच्या जागी मालमोटारी आल्या आहेत.

महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर रायगड आहे. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी वेढलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे. त्याचे जुने नाव रायरी. चारी बाजूंनी तुटलेले कडे, माथ्यावर विस्तीर्ण सपाटी, पाण्याची टाकी व तलाव करण्यास योग्य असा खडक, आणि समुद्र व घाट ही दोन्ही फार दूर नाहीत, असे हे स्थान. राजधानीसाठी महाराजांनी रायगड निवडला, त्याची कारणे ही अशी आहेत. ६ जून १६७४ रोजी येथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हाही त्या प्रसंगी गडावर हजर होता. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, राजमाता जिजाबाई पायथ्याच्या पाचाड गावी निवर्तल्या. त्यांची समाधी तेथे आहे. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनीही रायगडावरच देह ठेवला.

गडाचे बांधकाम हिरोजी इंदुलकर यांनी केले. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर त्यांचे नाव कोरलेले आहे. राजधानी उभी करणाऱ्या मनुष्याचे नाव कळसावर नव्हे, पायरीवर आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९९६ पासून गडावर जाण्यास रोपवेची सोय झाली आहे. वृद्धांना ती उपकारक आहे. परंतु ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी एकदा तरी पायऱ्या चढून जावे. चढताना छातीचा भाता झाला, म्हणजे हा गड शत्रूला किती अवघड गेला असेल, हे पुस्तकावाचून समजते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत रायगड आहे आणि प्रतापगडही आहे. आता हे गड साऱ्या जगाचे धन झाले आहेत. अशा तटावर खडूने आपले नाव लिहिणे किंवा टाक्यात कागद फेकणे हा केवळ अस्वच्छपणा नव्हे. ती इतिहासाची हानी होय.

गडावरून पुन्हा महाडला येऊ. गावात चवदार तळे आहे. ना मोठा विस्तार, ना नजर खिळविणारे शिल्प. परंतु या तळ्याने भारताच्या इतिहासात मोठे स्थान मिळविले आहे. एके काळी या सार्वजनिक तळ्याचे पाणी गावातील इतर सर्वांना घेता येई, गुरांनाही पिता येई. मात्र ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले होते, त्यांना तेथे जाण्यास मज्जाव होता. जेथे सार्वजनिक पैसा खर्च होतो, अशी पाणवठ्यांसारखी ठिकाणे सर्वांना खुली असावीत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव कागदावर झाला, पण पाणी काही ओंजळीत आले नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. लोकही प्याले. त्यानंतर गावातील काही लोकांनी परिषदेला आलेल्यांवर हल्ला केला. पुष्कळ जण जखमी झाले. परंतु बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना शांत राहावयास सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. पुढे तळे ‘शुद्ध’ करून घेण्याचा प्रकार झाला. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क मान्य करणारा निकाल दिला. एका ओंजळीच्या पाण्यासाठी दहा वर्षे झगडावे लागले.

हे महाडलाच का घडले? त्यालाही कारणे होती. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर यांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली होती. या भागातील अनेकांनी सैन्यात नोकरी केलेली होती. त्यांना बाहेरचे जग ठाऊक होते. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते येथे तयार झाले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे इतर जातींतील सहकारीही पाठीशी उभे राहिले. जमीन आधी नांगरली गेली होती. म्हणून बी रुजले. १९५० साली भारताचे संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आणि पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी व स्नानाचे घाट यांच्या वापराबाबत भेदभाव करण्यास मनाई आहे. तो अनुच्छेद वाचताना महाडचे तळे आठवल्यावाचून राहत नाही.

किल्ला आपल्याला पराक्रम शिकवितो. तळे आपल्याला न्याय शिकविते. प्रवाशाने महाडला येऊन रायगड पाहावा आणि तळे न पाहता परतावे, तर त्याचा प्रवास अर्धाच झाला असे समजावे.

सावित्रीने या मुलखाला पुष्कळ दिले, तसे पुष्कळ हिरावूनही घेतले आहे. महाडजवळ महामार्गावर इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महापुरात, तो कोसळला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने नदीत पडून अनेकांचे प्राण गेले. पूल गेल्याचे जवळच राहणाऱ्या एका मनुष्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने धावत रस्त्यावर जाऊन येणाऱ्या गाड्या थांबविल्या. त्याच्या त्या काही क्षणांच्या प्रसंगावधानाने किती घरे वाचली असतील! नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला. पुढे २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड शहर पाण्यात बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगराचा कडा कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातही साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडींनी बळी घेतले.

येथेही आपला प्रश्न विचारावा लागतो. महाडला पूर वारंवार का येतो? गांधारी आणि सावित्री येथे एकत्र येतात, आणि समुद्राची भरती खाडीतून महाडच्या जवळपर्यंत चढते. वरून डोंगराचे पाणी धावत यावे आणि खालून भरतीने त्याची वाट अडवावी, अशा वेळी पाणी गावात शिरते. ज्या संगमाने आणि ज्या भरतीने पूर्वी महाडला व्यापार आणून दिला, त्याच आता पुराला कारण होतात. म्हणून डोंगरउतारावरील झाडे राखणे, नदीचे पात्र मोकळे ठेवणे आणि धोक्याची सूचना मिळताच सुरक्षित जागी जाणे, हे येथील रहिवाशांचे कर्तव्य ठरते.

महाडच्या खाली नदीचे रूप पालटते. तिचा खळखळाट थांबतो, पात्र रुंदावते आणि पाण्याला खारी चव येते. आता ती खाडी झाली. सव येथे काठावर गरम पाण्याचे झरे आहेत. पुढे दासगाव हे जुने बंदर लागते. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते महाडपर्यंत येत, आणि घाटावरचा माल येथूनच मुंबईच्या वाटेस लागे. रस्ते झाले, मोटारी आल्या, खाडीत गाळ साचत गेला आणि बंदरांची वर्दळ ओसरली. त्याही पुढे आंबेत आणि म्हाप्रळ ही गावे समोरासमोर आहेत. खाडीच्या एका तीरावर रायगड जिल्हा, दुसऱ्या तीरावर रत्नागिरी जिल्हा. काठाला कांदळवन, त्याच्या मुळांत खेकडे, वर घिरट्या घालणारी घार, आणि दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, असे हे रमणीय दृश्य आहे.

खाडीच्या मुखावर, दक्षिण तीरावर, बाणकोटचा किल्ला आहे. तो लहान आहे. पण त्याच्या तटावरून आत येणारे प्रत्येक गलबत दिसते. तो येथेच का, हे आता तुम्हांला सांगावयास नको. घाटाच्या माथ्यावर जे काम प्रतापगडाने केले, तेच काम मुखावर बाणकोटने केले. वाटेच्या एका टोकाला एक पहारेकरी आणि दुसऱ्या टोकाला दुसरा! मराठ्यांच्या काळी त्याला हिम्मतगड म्हणत. १७५६ साली तो इंग्रजांना मिळाला आणि त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेविले.

बाणकोटजवळच वेळास आहे. पेशवाईतील विख्यात मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. अलीकडे मात्र ते आणखी एका कारणाने प्रसिद्ध झाले आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे येथील पुळणीवर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हे-कुत्री उकरून खात. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने अंड्यांचे रक्षण सुरू केले. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली, की त्यांना वाळूवर सोडतात. तळहातावर मावणारे ते इवलेसे जीव लाटांच्या आवाजाकडे सरसावतात. एखादी लाट त्यांना मागे लोटते. ती पुन्हा पुढे जातात आणि अखेर पाण्यात दिसेनाशी होतात. वारसा केवळ दगडांत नसतो; तो असा जिवंतही असतो.

जंगल जेट्टीतून गाडीसह खाडी ओलांडली, की बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वरला जाता येते. डोंगर, देऊळ आणि समुद्र येथे एकमेकांना भिडले आहेत. काळभैरवाचे व हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन भाविक डोंगराची प्रदक्षिणा करतात. ही वाट काही पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या कडेने जाते. तेथील काळ्या खडकांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असंख्य छिद्रे दिसतात. ही कोणा शिल्पकाराने पाडली? शिल्पकार म्हणजे समुद्रच. लाटांचे खारे तुषार खडकाच्या बारीक भेगांत शिरतात. पाणी सुकते आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. ते वाढताना खडकाचे कण सुटे करतात. वारा आणि लाटा ते कण वाहून नेतात. हजारो वर्षे हे काम चालले आहे. ही प्रदक्षिणा ओहोटीच्या वेळीच करावी आणि स्थानिक लोकांची सूचना मानावी. भरतीची लाट ओल्या खडकावरून मनुष्याला क्षणात ओढून नेते. समुद्र सुंदर आहे, म्हणून तो मऊ आहे असे नव्हे.

हरिहरेश्वरच्या उत्तरेस श्रीवर्धन आहे. तेथील देशमुख असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. सूर्यास्ताच्या वेळी या किनाऱ्यावर उभे राहावे. खाडीच्या मुखाशी नदीचे गढूळ पाणी आणि समुद्राचे निळसर पाणी एकमेकांत मिसळताना दिसते. त्या पाण्यात कड्यावरून आलेली धार आहे, गांधारीचे आणि काळ नदीचे पाणी आहे, उमरठच्या शेतांतून वाहून आलेले पाणीही आहे. कोणते कोठले, हे आता कोणाला सांगता येणार नाही.

मुलांनो, तुमच्या गावाजवळही एखादी नदी, जुनी वाट, पडका बुरूज किंवा पाणवठा असेल. तो प्रसिद्ध नसेल. पुस्तकात त्याचे नाव नसेल. तेथे जा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि ‘हे येथेच का’ याचा शोध घ्या. उत्तर मिळाले, म्हणजे ते ठिकाण तुमचे झाले. आणि जे आपले झाले, त्याची काळजी घेण्यास कोणी सांगावे लागत नाही.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) सावित्रीचे पाणी पावसाळ्यात अवखळ का होते?
(आ) अफझलखानाला जावळीच्या खोऱ्यात आणण्यामागे शिवाजी महाराजांचा कोणता हेतू होता?
(इ) महाडला वारंवार पूर येण्याची कारणे कोणती?
(ई) हरिहरेश्वरच्या खडकांना छिद्रे कशी पडली?

२. कारणे सांगा.
(अ) प्रतापगड आणि बाणकोट यांना लेखकाने एका वाटेचे दोन पहारेकरी म्हटले आहे.
(आ) गांधारपाल्याची लेणी व्यापाराच्या वाटेजवळ कोरली गेली.

३. ‘ठराव कागदावर झाला, पण पाणी काही ओंजळीत आले नाही’ या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मज्जाव, प्रसंगावधान, वर्दळ, अवखळ, मुत्सद्दी.

५. नकाशात सावित्री नदीचा मार्ग दाखवून पाठात आलेली ठिकाणे क्रमाने लिहा.

६. आपल्या गावातील एका जुन्या ठिकाणाची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि ‘हे येथेच का?’ या शीर्षकाखाली वीस ओळींचा निबंध लिहा.